ताकदीचं काहीतरी

हृदयविभागातल्या त्या सिस्टरला अख्खा वॉर्ड तोफ म्हणत असे. अर्थात पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. "पोट साफ झालं का?" हे ती पलीकडच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची. जिन्यात चोरून सिगारेट ओढून आलेल्या एका वकिलाला तिने त्याच्या सासूसमोर झापलं होतं. घरी निघालेल्या पेशंटला समोर बसवून मीठ किती, चालायचं किती, छातीत दुखलं तर जिभेखाली कुठली गोळी ठेवायची, हे समजावणं तिच्याकडे होतं.

एकाच ठिकाणी ही तोफ थंड पडायची. पेशंट घुटमळत म्हणायचा, "आणि सिस्टर, ते... संसाराचं?" की ती उगाच टेबल आवरत म्हणायची, "ते डॉक्टरांना विचारा." डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर सगळं समजावतील." आणि पेशंट प्रश्न तसाच घेऊन घरी जायचा.

त्या दिवशी दुपारी एक सुतार तपासणीला आला. हार्ट अटॅकनंतर स्टेंट बसवलेला, पन्नाशी उलटलेला, मितभाषी माणूस. बीपी छान होतं. जाता जाता तो दाराशी थांबला.

"सिस्टर, ताकदीचं काही घेतलं तर चालतं ना?"

"कसली ताकद? फळं खा, दूध प्या, बास."

"तसं नाही हो..." त्याचे कान लाल झाले. "बरं, राहू द्या."

तो गेला. पुढच्या पेशंटच्या दंडाला पट्टा बांधून ती पंप दाबू लागली, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ताकदीचं! हाताखाली पंप चालूच राहिला.

"अहो सिस्टर, हात तुटतोय माझा!" पेशंट ओरडला.

पट्टा सोडून ती तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली. "सर, तो सुतार तसली गोळी घ्यायच्या बेतात आहे. जिभेखालची गोळी तर आपणच दिलीय त्याला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दोन्ही पोटात गेल्या तर बीपी असं कोसळेल की उठायचाच नाही तो." मग कपाळ चोळत म्हणाले, "मीच विचारायला हवं होतं. पण खरं सांगू? वडिलांच्या वयाचा माणूस समोर बसला की माझी गाडी सुरूच होत नाही."

"मग आता फोन करा."

"तुम्ही करा ना."

"मी? बाईमाणसाने?"

"मी केला तर घाबरेल तो. तुमची ओळख आहे त्याच्याशी."

टेबलावरच्या फोनकडे दोघंही पालीकडे बघावं तसं बघत राहिले. शेवटी तिनेच नंबर फिरवला. उचलला सुताराच्या मुलीने.

"बाबा कारखान्यात गेलेत. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून फोन घरीच ठेवतात. काय निरोप देऊ?"

"गोळ्यांबद्दल बोलायचं होतं."

"कुठल्या गोळ्या?"

"नेहमीच्याच," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. लेकीला काय सांगणार, कपाळ?

ड्युटी संपेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने एकाच माणसाचा ताप दोनदा मोजला. सुटी होताच रिक्षा पकडली. दवाखान्याची दारं त्यानेच बनवली होती, त्यामुळे कारखाना कुठे आहे हे माहीत होतं. वाटेत ती शब्द जुळवू लागली. 'शरीरसंबंध' म्हटलं की पोलिसांच्या बातमीसारखं वाटत होतं. 'वैवाहिक जीवन' म्हणजे वधूवर मंडळाची जाहिरात. उरलेले सगळे शब्द शिव्यांतले. मराठी शाळेत शिकलेल्या बाईला साध्या गोष्टीसाठी एक साधा शब्द सापडेना. तिने ओठ हलवत दोन-तीन वाक्यं म्हणून पाहिली. रिक्षावाला आरशातून बघायला लागला तेव्हा ती गप्प बसली.

कारखान्यात रंधा मारायचं मशीन घरघरत होतं. भुशात उभा असलेला सुतार तिला पाहून चपापला. कोपऱ्यात त्याची बायको पॉलिश पेपरने स्टूल घासत बसली होती.

"काय म्हणताय?" तो ओरडला. "ऐकू येत नाही!"

"तुम्ही मघाशी विचारलंत ते!"

"काय?"

"ताकदीची गोळी!" ती जिवाच्या आकांताने ओरडली, आणि नेमकं त्याच क्षणी त्याने मशीन बंद केलं.

शब्द भिंतींवर आदळून परत आले. बायकोचा हात थांबला. "कसली गोळी?"

सिस्टरला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "चुकलं माझं. हे तुमच्याशी एकट्याशी बोलायचं होतं."

सुताराने हातावरचा भुसा झटकला. मग खिशात हात घालून त्याने कागदात गुंडाळलेली गोळी काढली. "दुकानदाराने दिली. म्हणाला, सगळेच घेतात."

"घेतली नाही ना अजून?"

"नाही."

ती तिथेच एका फळीवर बसली. आणि जुळवलेलं एकही वाक्य न आठवता ती बोलू लागली. ही गोळी आणि जिभेखालची गोळी एकत्र आल्या तर जिवावर बेतेल. अटॅकनंतर ताकद कमी पडल्यासारखं होणं नवं नाही, कधी औषधांनी होतं, कधी नुसत्या भीतीने. उपाय आहेत, पण ते डॉक्टरांना विचारूनच करायचे.

"पण जवळ यायला हरकत नाही ना?" हा प्रश्न बायकोने विचारला. डोळे स्टुलावरच होते. "मीच बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकते. यांना पुन्हा काही झालं तर मी काय करू?"

"मला वाटलं, तुला आता माझा कंटाळा आला," सुतार पुटपुटला.

"डोकं फिरलंय तुमचं," ती म्हणाली आणि पदराने नाक पुसलं.

"दोन जिने न थांबता चढता ना?" सिस्टरने विचारलं. "मग छातीत दुखत नसेल तर हरकत नाही. घाई मात्र करू नका."

पुढच्या आठवड्यात दोघं डॉक्टरांकडे आली. डॉक्टरांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत का होईना, पण स्वतःहून विषय काढला आणि एक औषध बदलून दिलं. महिन्याभराने सुताराच्या बायकोने सिस्टरला गाठून एवढंच सांगितलं, "बाहेरची खोली आता लेकीला अभ्यासाला दिली."

तेव्हापासून सिस्टर घरी निघालेल्या प्रत्येकाला आपण होऊन विचारते. कुणी सुटल्यासारखं बोलू लागतं, कुणी हसण्यावारी नेतं. एका रिटायर्ड हेडमास्तरांनी तर लेखी तक्रार केली आणि तिला वरच्या मजल्यावर व्यवस्थापनाकडे जाऊन उत्तर द्यावं लागलं. पाठीशी डॉक्टर उभे राहिले, पण ती तिथून घामाघूम होऊन खाली आली.

दुसऱ्या दिवशी घरी जायला एक आजीबाई तयार बसल्या होत्या. खाटेखाली वाकून यजमान त्यांच्या चपला शोधत होते. यांना विचारायचं? या वयात? तिने दोनदा तोंड उघडून मिटलं, उगाच उशी सारखी केली. मग खुर्ची ओढून आजीबाईंच्या समोर बसली आणि विचारलं.