माधवने न घेतलेलं नाव

माधव शेटे गेल्याचं मला मंगलच्या आवाजातून कळलं. सकाळची वेळ होती, मी पूर्णेतल्या घरी पेपर वाचत बसलो होतो. फोनवर ध्वनिसंदेश आला. “सर, मी वालूरची मंगल बोलायले. शेटे सर गेले. चहा पिऊन दुकान उघडायला उठले आन् तिथंच बसले. शेटे सर गेले, सर.” मंगलचा नंबर माझ्या फोनमध्ये आठ वर्षांपासून आहे, ती कुठली हे मला माहीत आहे, आणि हे तिलाही माहीत आहे. तरी अशा बातमीतही तिने आधी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि महत्त्वाचं तेवढं दोनदा सांगितलं. ही सवय तिला माधवच्या हाताखाली लागली होती. मलाही लागायला हवी होती.

दुपारी सेलूला पोचलो तेव्हा त्याला न्यायची तयारी चालली होती. त्यांच्यात पुरतात, आणि तेही बसवून. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी हे पहिल्यांदाच पाहत होतो. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, भोवती बेलाची पानं... माधव बसला होता तो अगदी मीटिंगमध्ये बसायचा तसा, समोरच्याचं आधी ऐकून घ्यायच्या तयारीत. मी नजर वळवली आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघांचं बोलणं कानावर आलं. “माणूस लय भला व्हता,” एक जण म्हणाला. “भलाच की,” दुसरा म्हणाला, “ते पराटीचं तेवढं चुकलं बघा त्याच्याकून.” मी त्यांच्यापासून तीन पावलांवर होतो. ते कापसाचं माधवकडून चुकलेलं नव्हतं. कोणाकडून चुकलं होतं हे तिथे जमलेल्या एवढ्या माणसांत मला एकट्याला नक्की ठाऊक होतं, आणि मी चपला शोधायला लागलो.

माधव आणि मी परभणीत शिकायला एका भाड्याच्या खोलीत राहिलो. तो शेतकी शिकत होता, मी मराठी. म्हणजे खोलीत उपयोगाचा माणूस एकच होता. पुढे मी पूर्णेच्या कॉलेजात शिकवायला लागलो आणि तो सेलूला वडिलांच्या खत-बियाण्याच्या दुकानात बसला. तो मला आयुष्यभर ‘मास्तर’ म्हणाला. त्यात आदर किती आणि खोडी किती, हे मी कधी मोजलं नाही. दुकानात येणारा शेतकरी औषधाची बाटली विचारायचा, रोग विचारायचाच नाही, हे माधवला सलायचं. बाटली विकून मोकळं होणं सोपं होतं, तो मात्र म्हणायचा, “पान दाव आधी.” लोक पान आणायचे. मग पानाचे फोटो पाठवायला लागले. शेवटी उत्तरं द्यायला एकटा माधव पुरेना, तेव्हा त्याने गावागावांतल्या शिकलेल्या सहा बायका जमवल्या, त्यांना कीड-रोग शिकवले, आणि दुकानाच्या माडीवर आमची कंपनी सुरू झाली. तिचं नाव इथे देत नाही. ती अजून चालू आहे आणि तिच्याकडे वकील आहेत.

माडीवरची खोली मोकळी होती, बोललं की आवाज घुमायचा. बायकांनी घरून गोधड्या आणून भिंतींवर टांगल्या. तिथे उभं राहून प्रत्येकीने आपापल्या गावांसाठी संदेश बोलायचा. माधवचे नियम दोनच होते. बोलणाऱ्याने आधी आपलं नाव आणि गाव सांगायचं. आणि सल्ला चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने, त्याच आवाजात, नव्या सल्ल्याआधी ‘काल मी चुकले’ म्हणायचं. पहिल्या वर्षात मंगल तीनदा चुकली आणि तीनदा तसं म्हणाली. लोक तिच्यावर भडकतील असं मला वाटलं होतं. उलट चौथ्या वेळी लोक तिचंच ऐकायला लागले. आपल्याला कळणारी चूक करणारं माणूस बहुधा ओळखीचं वाटत असावं.

माझं काम लिहिण्याचं. बायका काय बोलणार त्याचा कच्चा मजकूर मी करून द्यायचो, आणि मंगल तो बिघडवायची. मी ‘सोयाबीन’ एकदा लिहिलं की ती दोनदा म्हणायची, सुरुवातीला आणि शेवटी. “अगं, एकदा आलंय की ते,” असं मी एकदा वैतागून म्हणालो. “सर,” ती म्हणाली, “तुमी वर्गात बोलता, तिथं पोरं गप बसत्यात. शेतात मोटार चालू असती. एकदा म्हणलेलं मोटारीत जातंय.” माधव कोपऱ्यात हसला. मी हसलो नाही. पंचवीस वर्षं मुलांच्या निबंधातले जास्तीचे शब्द खोडलेल्या माणसाला असले युक्तिवाद पटत नाहीत.

तीन वर्षांनी पुण्याचे गुंतवणूकदार आले. तिथवर सगळं चांगलं चाललं होतं, म्हणजे कुणाला सत्कार करायचं सुचलं नव्हतं. आता पुण्यात एका हॉटेलात समारंभ झाला. आमच्या सहाजणींना एकसारख्या साड्या नेसवून मंचावर उभं केलं. एका पाहुण्याने त्यांना ‘परिवर्तनाच्या शिल्पकार’ म्हटलं, आणि त्यांच्या हातात माइक काही दिला नाही. परतीच्या गाडीत मंगल म्हणाली, “आमाला नाव सांगायचं व्हतं निदान.” त्यानंतर पुण्याच्या कार्यालयातून एक साहेब आमचा कारभार पाहायला लागले. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे, बोलायला नम्र. त्यांनी ठरवलं की सहा बायकांचे सहा आवाज बरे दिसत नाहीत. सगळ्या जिल्ह्याला पुण्यातल्या एका बाईचा एकच आवाज जाईल, एकच नेटका मजकूर जाईल, कुठल्या शेतकऱ्याचं पीक कोणतं हे यंत्र आपल्या यादीवरून ठरवेल. नाव-गाव नको. सहाजणींनी फक्त कच्चा मजकूर आणि पिकांच्या याद्या पाठवायच्या. माधवने विरोध केला. मी केला नाही, कारण त्यांनी मला एक कार्ड छापून दिलं होतं: मुख्य भाषा-सल्लागार. दुसऱ्यांच्या शाल-श्रीफळांवर हसण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. ते कार्ड मात्र मी खिशात ठेवायचो, आणि वाकलं तर सरळ करायचो.

त्या पावसाळ्यात तणनाशकाचा मजकूर माझ्याकडे आला. ‘सोयाबीनमधील रुंद पानांच्या तणांसाठी’ असं त्यात होतं, आणि शेवटी पुन्हा ‘सोयाबीनसाठीच’. हात मंगलचा होता, उघड दिसत होतं. मी शेवटचं खोडलं. मग मला वाटलं, यंत्र जर सोयाबीनवाल्यांनाच पाठवणार असेल, तर पहिलं तरी कशाला? मी तिथे ‘आपल्या पिकातील’ केलं. एकच साचा पुढे दहा ठिकाणी वापरता येईल. वाक्य छान झालं. ते मी कौतुकाने माधवलाही पाठवलं, खाडाखोडीसकट. तो त्या आठवड्यात जिंतूरकडच्या गावांत फिरत होता. त्याने ते उघडलं तोवर संदेश गेला होता.

यंत्राकडे यादी मागच्या वर्षीची होती. बायकांनी नवी यादी वेळेवर पाठवली होती, पुण्यात ती कुणी चढवली नव्हती. मागच्या वर्षी सोयाबीन घेतलेल्या बऱ्याच जणांनी यंदा कापूस लावला होता, आणि ते तणनाशक सोयाबीनला चालतं, कापसाला जाळतं. काहींनी दुकानात विचारून घेतलं आणि वाचले. अकरा जणांनी आमच्यावर विश्वास ठेवला.

त्यांच्यातला आत्माराम नावाचा एक शेतकरी, वालूरचाच, माडीवर आला. त्याने पिशवीतून पराटीचं एक उपटलेलं झाड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. शेंडा वळलेला, पानं आकसलेली. तो ओरडला नाही. “मास्तर, ह्ये बघा,” तो म्हणाला. “तुमच्या त्या बाईचा आवाज लय गोड हाय. पर आमची मंगल असती तर सोयाबीन म्हणली असती. दोनदा म्हणली असती.” तो ‘त्या बाई’वर चिडला होता. तो शब्द खोडणारा समोरच बसलाय हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याला पाणी दिलं.

दोन दिवसांनी पुण्याचे साहेब आले. शेतकऱ्यांना पाठवायची सूचना त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली: क्षेत्रीय कर्मचाऱ्यांकडून पिकांची माहिती वेळेत न मिळाल्याने गैरसोय झाली आहे, संबंधितांना कामावरून कमी करण्यात येत आहे. माडीवर सतरंजीवर सहाजणी बसल्या होत्या. साहेबांनी ती सूचना वाचली. माधवने पिशवीतून नव्या याद्यांच्या प्रती काढल्या. प्रत्येक प्रतीवर पुण्याला पाठवल्याची तारीख होती.

“सर, प्रश्न यादीचा नाही, जबाबदारीचा आहे,” साहेब म्हणाले.

“मग घ्या की ती,” माधव म्हणाला.

मंगलने मधेच विचारलं, “पण सर, यादी चुकली तरी सोयाबीन म्हणलं असतं तर लोकायला कळलं असतं. ह्ये ‘आपल्या पिकातील’ कोणी लिहिलं?”

माधवने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही... चहा हवा का विचारताना पाहतो तेवढंच. मी समोरच्या गोधडीवरच्या चौकटी पाहत होतो. मग तो म्हणाला, “माझ्या फोनवर आलं व्हतं ते, मंगल. मी येळेवर उघडलं न्हाई.”

आणि तो उठला, गोधडीसमोर गेला आणि आमच्या सगळ्यांदेखत स्वतःचा फोन धरून बोलला. “मी सेलूचा माधव शेटे बोलतोय. तणनाशकाचा जो सल्ला गेला, त्यात मी चुकलो. बायांची चूक न्हाई. त्यात मी चुकलो.” साहेब त्याला थांबवायला पुढे झाले तोवर ते शेतकऱ्यांच्या गटांवर गेलंही होतं. यांना काढणार असाल तर मीही चाललो, असं त्याने साहेबांना सांगितलं. साहेब खरोखर कळवळून म्हणाले, “सर, स्वतः उभारलेलं असं कोणी सोडतं का?” माधव याद्या पिशवीत भरत होता. “मी उभारलेल्या ह्या सहा जणी हायेत,” तो म्हणाला. “त्या माझ्यासंगं यायल्यात.”

सात माणसं जिना उतरून गेली. मी वर राहिलो. पुढे माडीवरचं कार्यालयही पुण्याला गेलं तेव्हा मीही गेलो. दोन वर्षांनी माझा मजकूरही यंत्र करायला लागलं. ते माझ्याहून जलद खोडतं.

सेलूत मात्र गोष्ट एवढीच उरली की शेट्यानं पराटी जाळली. दुकानात काही लोक येईनासे झाले. माधव कुणाला खुलासा करत बसला नाही. सहाजणी आपापल्या गावात आपापल्या फोनवरून सल्ले देत राहिल्या, अडलं की त्याला विचारत. त्यांनाही टोमणे ऐकावे लागायचे, की शेटेसाहेबांनी चूक अंगावर घेतली, पण करणारी ह्यांच्यातलीच कोणीतरी असणार. ते त्याला टोचायचं.

मी पूर्णेला परतल्यावर आमचं शेवटचं बोलणं पूर्णा स्टेशनावर झालं. तो तपासणीसाठी नांदेडला चालला होता, गाडी थोडी थांबते म्हणून त्याने मला बोलावलं. मी खिडकीतून चहा दिला. इकडचं-तिकडचं झालं. मग तो म्हणाला, “मास्तर, एकदा सांगून टाक. माझं जाऊ दे, बायांसाठी सांग. तुझं नाव मी घेणार न्हाई, ते तुलाच घ्यावं लागन.” मी म्हणालो, “लिहितो. एकदा बसून नीट लिहितो.” त्याने रिकामा कप माझ्या हातात दिला. “नीट लिहू नको,” तो म्हणाला. “नीट लिहूनच झालं न्हवं का ते.” गाडी हलली. मी घरी येऊन लिहायला बसलो. त्यानंतरचे पाच महिने मी पहिला परिच्छेद सुधारत होतो, आणि पाचव्या महिन्यात मंगलचा संदेश आला.

गेल्या आठवड्यात मी चार पानं घेऊन पुन्हा सेलूला गेलो. मंगल दुकान आवरायला आली होती. तिला तिथे, काउंटरपाशी उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. ती बाटल्या पुसत राहिली. “मला वाटलंच व्हतं,” ती म्हणाली. “पर सर बोलले न्हाईत, म्हून मी बोलले न्हाई.” माधव जिवंत असताना हे सांगितलं असतं तर त्याची काही किंमत होती. गेलेल्या माणसासाठी खरं बोलायला फारसं धैर्य लागत नाही, आणि मला तेवढंही जमवायला चार पानांचा आधार लागत होता. हे तिने बोलून दाखवलं नाही. तिने पानं माझ्या हातातून घेतली, घडी करून काउंटरवर ठेवली आणि वर चला म्हणाली.

माडीवर आता खताची पोती आहेत. भिंतीवरच्या गोधड्या माधवने तशाच ठेवल्या होत्या, रंग उडालाय, धूळ बसलीय. एका गोधडीसमोर फरशीवर एक जागा उभं राहून राहून गुळगुळीत झालेली आहे. मी तिथे उभा राहिलो. मंगलने तिच्या गावांचा गट उघडून फोन माझ्यासमोर धरला. आत्माराम त्या गटात आहे.

“मी पूर्णेचा दिगंबर कुलकर्णी बोलतोय,” मी म्हणालो. माझा आवाज गोधडीत शिरला, परत आला नाही. “त्या वर्षी तणनाशकाच्या सल्ल्यातला सोयाबीन हा शब्द मी खोडला होता. शेटे सरांनी नाही, बायकांनी नाही. मी चुकलो.”

मी थांबलो. मंगलने फोन खाली घेतला नाही.

“आनखी एकदा म्हणा, सर,” ती म्हणाली. “मोटार चालू असती.”