वर केलेला अंगठा

रोहिदासआप्पांची अठ्ठावीस वर्षं चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये गेली. पत्रा ठोकायची मशिनं सुरू झाली की शेजारचा काय बोलतोय ते कुणाच्या बापाला ऐकू यायचं नाही. मग ओठांकडे बघायचं, आणि कळो ना कळो, हसून अंगठा वर करायचा. सगळी लाइन तेच करायची. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, पण आप्पांची ऐट केवढी! "बोळं घालून मशिन कळतंय व्हय? ते आवाजावर कळतं," म्हणत त्यांनी स्वतःचे फेकलेच, वर शेजारच्या सोनबालाही फेकायला लावले.

रिटायर झाले तोवर कान गेले होते. अंगठा तेवढा राहिला. घरात, बँकेत, देवळात, हसायचं आणि अंगठा दाखवायचा. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं!

गेल्या लग्नसराईत चऱ्होलीच्या कार्यालयात, बँडच्या दणदणाटात, सोनबा जवळ आला आणि कानाशी लागून काहीतरी बोलला. आप्पा हसले, अंगठा वर केला, पाठीवर थापही मारली. सोनबा बघतच राहिला आणि न जेवता निघून गेला.

सून साधना तेव्हा शेजारीच उभी होती. परतताना रिक्षात तिला ओरडून सांगावं लागलं, "आप्पा, शालनकाकूंना कॅन्सर निघालाय म्हणत होते ते! आणि तुम्ही हसलात?" रिक्षावाल्यानंही मागे वळून पाहिलं. शालनबाई म्हणजे सोनबाची बायको. आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोनबाकडे जाऊन माफी मागायची हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. पण तो शिव्या देईल त्या तरी ऐकू यायला नकोत का? म्हणून गुपचूप मोबाइलवरून कानाचं मशिन मागवलं. ना डॉक्टर, ना चिठ्ठी. घातलं, तर भांड्यांचा खणखणाट थेट मेंदूत, आणि साधनाचं बोलणं होतं तेवढंच पुसट. वर कानात शिट्टी. ती शिट्टी ऐकूनच साधना खोलीत आली. चोरी पकडल्यासारखे आप्पा उभे राहिले.

"लपवायचं काय त्यात?" म्हणत तिनं त्यांना थेरगावला कान तपासणाऱ्या मंजुषा मॅडमकडे नेलं. मॅडमनी कानात बॅटरी मारून पाहिलं, मग बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. आप्पांनी तिथेही अंदाजानं बटणं दाबली.

"आप्पा, आत्ता मी आवाज सोडलाच नव्हता," मॅडम शांतपणे म्हणाल्या. आप्पांचे कान तापले.

पुन्हा तपासणी झाली, या वेळी खरी. "तुमचे जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत," मॅडमनी सांगितलं. "हे मशिन सगळंच मोठं करतं. चिठ्ठीशिवाय मिळणारी चांगलीही असतात, तुमच्या कानाला ती पुरतील. पण आधी कान मोजायचा, मग मशिन घ्यायचं. कंपनीत बोळे देत नव्हते का?"

"देत होते," आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले.

दोन-तीन मशिनं घालून पाहिली. एक जमलं, त्याचं रबर कानाच्या मापाचं बसवलं, शिट्टी थांबली. रोज थोडा वेळ घालून सवय करा, असं मॅडमनी बजावलं. तीन आठवड्यांनी आप्पा एकटेच राजगुरुनगरला सोनबाच्या घरी गेले.

शालनबाई डोक्याला रुमाल बांधून कॉटवर बसल्या होत्या. आप्पांची मान काही वर होईना. फरशीकडे बघतच ते बोलले, "सोनबा, चुकलं माझं. त्या दिवशी मला कायबी ऐकू आलं न्हाई, आन् मी हसलो. तुझं बोळंबी मीच फेकायला लावलं."

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. शेवटी आप्पांनी वर पाहिलं.

सोनबा हसत होता. त्यानं अंगठा वर केला होता.

"त्यांनाबी येत न्हाई ऐकू," शालनबाई अगदी हळू म्हणाल्या. "कुणाला दाखवत न्हाईत."

एवढं हळू बोललेलं आप्पांना स्वच्छ ऐकू आलं. खाली मान घालून बोललो, ओठ न दिसता याला काय कळणार होतं? त्यांनी खुर्ची सोनबाच्या पुढ्यात ओढली, तोंड खिडकीच्या उजेडाकडे केलं आणि त्याच्या डोळ्यांत बघून सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. निम्म्यावर आले तेव्हा सोनबाचा अंगठा हळूहळू खाली गेला.