न दिसणाऱ्या माणसाची पावलं

पाऊलमावशीने आजवर शेकडो माणसं चालवली होती. पोलीस, नवऱ्या मुली, मंत्री, भुरटे चोर, आणि एकदा तर एक हत्ती. हत्तीसाठी तिला कापसाची गादी बडवावी लागली होती आणि दोन दिवस खांदे धरले होते.

सिनेमात नट चालतो तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्याची नसतात, हे लोकांना सांगून पटत नाही. शूटिंगच्या गलक्यात पावलं कुठली ऐकू यायला? ती मागाहून भरतात. बंद खोलीत पडद्यावर सिनेमा लावायचा, आणि त्यातला माणूस पाय उचलेल तेव्हा आपण उचलायचा, टेकवेल तेव्हा टेकवायचा. मावशी सव्वीस वर्षं हेच करत होती. तिचं खरं नाव आता फक्त बसच्या पासावर उरलं होतं.

तिची कामाची खोली तळघरात होती. जमिनीत चौकोन पाडलेले: एकात फरशी, एकात लाकूड, एकात खडी, एकात ओली वाळू. भिंतीशी बुटा-चपलांची मांडणी, चाळीस-बेचाळीस जोड तरी असतील, आणि कोपऱ्यात सहा पायऱ्यांचा एक लाकडी जिना, जो कुठेच जात नव्हता. वरच्या पायरीवर पोचलं की समोर नुसती भिंत. सिनेमातला माणूस दहा मजले चढो की वीस, मावशी त्या सहा पायऱ्यांतच त्याला वर पोचवायची.

तिला हे काम ज्यांनी शिकवलं ते म्हातारबुवा म्हणायचे, "बाई, इथं येताना आपले पाय दाराबाहेर चपलांशेजारी ठेवून यायचे. आत फक्त पडद्यावरच्या माणसाचे पाय." हा नियम मावशीने कधी मोडला नव्हता. काम सुरू करण्याआधी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं आणि मग स्वतःला विसरायचं, एवढंच तिला ठाऊक.

"वहिनी, तुझं नाव येतं का गं पडद्यावर?" पलीकडच्या गल्लीत राहणारी नणंद दर सिनेमाला विचारायची.

"येतं की. पण तोवर लोक उठून चपला शोधत असतात."

"म्हणजे तुला कोणी बघत नाही आणि ऐकतात तेही दुसऱ्याचं म्हणून."

"बरंय ना. नजर लागत नाही."

मावशी हसून बोलायची खरी, पण घरी परतल्यावर बोलायला कोणी नसायचं. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीत एक कुंडी, देवाजवळ एक दिवा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि राहत होते ते बिनलिफ्टच्या इमारतीत. "साऱ्या गावाला वर चढवतो आणि स्वतः जिना तुडवतो," असं तो स्वतःच म्हणायचा. एका हातात हत्यारांची जड पिशवी, दुसऱ्यात भाजीची. डावा पाय कधीकाळी दुखावलेला, तो जरा घासत यायचा. आणि प्रत्येक मजल्याच्या चौथ्या पायरीवर तो थांबायचा. पिशव्यांचे हात बदलायचा, एक श्वास सोडायचा, मग पुढचा पाय. मावशी आत कणीक मळत असली तरी तिचे कान जिन्यावर. पहिला मजला, थांबा. दुसरा मजला, थांबा. तिसऱ्याचा थांबा ऐकला की ती हात धुऊन कडी काढायला उठायची. बेल वाजवायची त्याच्यावर कधी वेळच आली नाही.

तो कामावरच गेला. छातीत कळ आली आणि संपलं. त्या संध्याकाळी जिना वाजला तेव्हा मावशीने बसल्या जागेवरून चार माणसांची पावलं मोजली. त्यांत एकही त्याचं नव्हतं. दार उघडण्याआधीच तिला कळलं होतं.

घरात त्याचे फोटो होते, पण फोटोतला माणूस चालत नाही. त्याची चाल आता फक्त तिच्या कानात उरली होती. आपल्यामागे ती कुठेच नसणार, हे तिला अधूनमधून आठवायचं.

अशात तो सिनेमा आला.

सिनेमा मोठा देखणा होता. काचेच्या इमारती, लांब कोट, जिकडे तिकडे आरसे. एका कचेरीतल्या माणसाला कळतं की आपल्याभोवतीचे सगळे, साहेबापासून शिपायापर्यंत, एका कटात सामील आहेत. कट कसला, हे मावशीला तीनदा बघूनही कळलं नाही. पण सिनेमाभर त्या माणसाच्या मागावर एक जण असतो, आणि तो एकदाही दिसत नाही. फक्त ऐकू येतो. शेवटाकडे तो कचेरीवाला आपल्या खोलीत दिवा मालवून बसतो, आणि जिन्यावरून कोणीतरी वर येतं. पडद्यावर नुसती दाराची मूठ आणि त्या माणसाचा घामेजलेला चेहरा.

डायरेक्टर पस्तिशीचा, गळ्यात कायम मफलर. तो म्हणाला, "मावशी, इथं बघून चालण्यासारखं काहीच नाही. तुम्हाला हवा तसा चालवा. फक्त खरा माणूस वाटला पाहिजे."

इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. पडद्यावर पायच नाहीत, मग पाय कुणाचे घालायचे? मावशी मांडणीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने वापरून मऊ पडलेला पुरुषी बुटांचा एक जोड काढला, दोन्ही हातांत खिळ्यांच्या पिशव्या घेतल्या, देवाचं नाव घेतलं, आणि नऊ वर्षांनी तो जिना चढून वर आला.

डावा पाय घासत. चौथ्या पायरीला थांबत.

काम संपलं तेव्हा काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट हेडफोन काढायचा विसरला होता.

"हा कोण आहे, मावशी?" डायरेक्टरने विचारलं.

"आहे एक ओळखीचा," ती म्हणाली.

त्या आठवड्यात मावशीची पावलं हलकी पडत होती. सिनेमा लागला की सगळ्यात आधी नणंदेला घेऊन जायचं तिने ठरवलं होतं. काही सांगायचं नाही, नुसतं शेजारी बसवायचं. भावाची चाल बहीण ओळखणार नाही होय? तिला दुसरं काही नको होतं. आपल्याशिवाय आणखी कुणाच्या तरी कानांवर तो पडावा, एवढंच.

पण सिनेमा लागण्याआधी एका रविवारी सकाळी सत्तरेक लोकांना बोलावून तो दाखवला गेला. आवडलं काय, नाही काय, हे चिठ्ठीवर लिहून द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी मावशीला बोलावणं आलं. डायरेक्टर त्या चिठ्ठ्यांचा ढीग घेऊन तळघरातल्या स्टुलावर बसला होता. तोंड उतरलं होतं.

"ऐका. 'कपडे फार छान.' 'कोण कोणाच्या बाजूचं ते कळलं नाही, पण कळलं नाही तरी बघावंसं वाटतं.' ह्या एकाला शेवटी झोप लागली, तेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलंय." त्याने आणखी काही चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. "आणि हे अकरा जण. मागावरच्या माणसाची भीतीच वाटत नाही म्हणतात. सगळं तिथंच फुसकं पडतं, मावशी. ही बघा."

मावशीने चष्मा लावला. निळ्या शाईतलं, जरा थरथरतं अक्षर होतं. 'जिन्यावरून येणारा माणूस वाईट वाटत नाही. दमून घरी आल्यासारखा वाटतो. त्याला दार उघडावं असं वाटतं.'

ती चिठ्ठी तिने दोनदा वाचली.

"मला जड बूट पाहिजेत," डायरेक्टर म्हणत होता. "टाचेला लोखंड असलेले. ऐकूनच पोटात गोळा आला पाहिजे. चूक माझीच, मीच म्हणालो होतो कसाही चालवा."

"तुमची कसली चूक," मावशी म्हणाली. "नियम मी मोडला."

त्याला ते कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. त्याचा फोन वाजला, तो बोलत बोलत बाहेर गेला. चिठ्ठ्या केराच्या डब्यात गेल्या. मावशीने वाकून निळ्या शाईची तेवढी काढली आणि घडी घालून पासाच्या पाकिटात ठेवली.

रेकॉर्डिस्ट हे काचेतून बघत होता. तो आत आला. "मावशी, जुनं मी तुम्हाला उतरवून देऊ का? घरी ऐकता येईल."

"कोणाबरोबर ऐकू?"

तो हातातली वायर गुंडाळायला लागला.

"अरे बाबा, घरी मी एकटीच असते. एकटीने ऐकायचं असतं तर रोज ऐकतेच आहे की. त्याला तुझं मशीन कशाला?" ती बोलली ते शांतपणेच, पण बूट शोधायला वळली तेव्हा मांडणीवरचे दोन जोड तिच्या हातून खाली पडले.

मग तिने लोखंडी टाचांचे बूट चढवले. दोन नंबर मोठे होते, आत चिंध्या कोंबल्या. हातात पिशव्या नाहीत. डावा पाय नीट उचलायचा, घासू द्यायचा नाही. तिने सगळं लक्ष त्या डाव्या पायावर ठेवलं. बूट पायरीवर आपटत होते आणि तिच्या गुडघ्यांत कळा जात होत्या. एकदाच चढली. पुन्हा चढायची तिची तयारी नव्हती.

डायरेक्टर अजून फोनवरच होता. दारातून डोकावून त्याने अंगठा वर केला.

रेकॉर्डिस्टने मात्र काचेमागून विचारलं, "मावशी, मधलं ते तसंच राहू देऊ?"

पायरी करकरली असेल, तिला वाटलं. "राहू दे," ती म्हणाली, आणि बूट काढायला बसली.

सिनेमा लागला. वर्तमानपत्राने लिहिलं, 'डोळ्यांना मेजवानी, डोक्याला ताप.' तरी गर्दी झाली. काहींनी म्हणे कट समजून घ्यायला दुसऱ्यांदा तिकीट काढलं. नणंद म्हणाली, "नेणार होतीस ना मला?"

"राहू दे. तुझे गुडघे दुखतात, आणि सिनेमा लांबलचक आहे."

"तुझं काम तरी चांगलं झालंय का?"

"बूट चांगले होते," मावशी म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या खेळाला ती एकटीच गेली. स्वतःचं प्रत्येक काम थिएटरात एकदा ऐकायचं, ही जुनी शिस्त. आणि दुसरं एक वेडही मनात होतं. ती चिठ्ठी लिहिणारं माणूस पुन्हा आलं असेल का, निळ्या शाईचं पेन कुणाच्या खिशाला दिसतं का, म्हणून ती दिवे जायच्या आधी मान वळवून वळवून बघत होती. कोणी ओळखू येण्यासारखं नव्हतं. सगळे जोडीजोडीने, घोळक्याने आलेले. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

पुढच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला विचारत होती, "म्हणजे तो साहेबही त्यांच्यातलाच का?"

"मलाही नाही कळलं. गप बघ."

"मग तू मान कशाला हलवत होतास मघापासून?"

"कोट बघत होतो त्याचा."

शेवटचा प्रसंग आला. दिवा मालवला गेला. दाराची मूठ दिसली. आणि खालून बूट वाजायला लागले. जड, लोखंडी, एकासारखा एक. पुढच्या बाईने नवऱ्याचं मनगट धरलं. कुठेतरी चुरचुरणारा कागद थांबला. काम चोख झालं होतं, मावशीला पहिल्या दोन पावलांतच कळलं. भिण्यासारखाच माणूस होता तो. परका. तिने डोळे मिटून घेतले.

एक. दोन. तीन. चार.

आणि बूट थांबले.

मावशीचे डोळे उघडले. हे तिने केलं नव्हतं. निदान करते आहे हे तिला ठाऊक नव्हतं. सगळं लक्ष डाव्या पायाला दिलं होतं, त्यात उजवा पाय चौथ्या पायरीवर आपणहून थबकला होता. त्या जड बुटांतही, हातात पिशव्या नसताना. एक श्वास सोडायला लागतो तेवढा वेळ. 'मधलं ते' म्हणून रेकॉर्डिस्टने हेच विचारलं होतं, आणि तिने राहू दे म्हटलं होतं.

थिएटरात कोणी हललं नाही. पुढची बाई, तिचा नवरा, मागचा मुलांचा घोळका, दाराशी बॅटरी घेऊन उभा असलेला माणूस, सगळे श्वास रोखून जिवाचे कान करून बसले होते. ते घाबरून थांबले होते, हे मावशीला कळत होतं. कुणालाच ठाऊक नव्हतं की वर येणारा माणूस पिशव्यांचे हात बदलतो आहे.

तिने मांडीवर हात जोडले. ती कणीक मळताना एकटी ऐकायची तो थांबा होता हा, आणि आज दोनशे माणसं तिच्याबरोबर त्याच्या पुढच्या पावलाची वाट बघत होती.

मग पाऊल पडलं.