मिस्त्री आले की चालणारी मशीन

"बिघाडाले कारण रायतेच, बाई," असं म्हणून मिस्त्री मशीनच्या पत्र्याला कान लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. विजेची कामं करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती तार बघतात. हे ऐकायचे.

मी गोंदियाला एका फोटो स्टुडिओत कामाला होते. शाळा चौथीपर्यंत, पण अंधारात हात नीट चालायचा म्हणून शेठने ठेवून घेतलं. फिल्म धुवायची जुनी मशीन होती, दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेली. मोटर फिरली की फिल्म एका टाकीतून दुसऱ्या टाकीत सरकायची. मोटर मध्येच थांबली तर फिल्म औषधात पडून वाया जायची. दवनीवाड्याच्या एका पोरीचा लग्नासाठी काढलेला फोटो असाच गेला. तिचा बाप दारात उभा राहून विचारत होता, पोरगी तं समोर बसली होती, मंग गेली कुठी?

मशीन बंद पडली की मिस्त्रींना बोलावणं जायचं. ते आत येऊन, उजेड अडवायला लावलेल्या दोन काळ्या पडद्यांच्या मधल्या जागेत उभे राहायचे, आणि त्यांनी हात लावायच्या आधीच मोटर घुरघुरायला लागायची. ते घरी गेले की थोड्या वेळाने बंद.

शेजारची पानवाली म्हणाली, हातगुण आहे. मिस्त्री चिडले. हात लावलाच नाही तर गुण कुठला? फ्यूज बदलला, स्विच बदलला, तार नवी घातली. मग मलाच विचारू लागले, मी आलो तवा तू काय करून राहिली होती? मी म्हणायचे, उभी होते. आन् मी? तुम्हीपण उभेच होते.

शेठला मात्र वेगळाच वास यायला लागला. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "मिस्त्री, जाते वक्त कौनसा तार ढीला करके जाते हो?"

हसत म्हणाला, पण म्हणाला. मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली. यापुढे रिकाम्या हाताने येईन, पण कारण सापडल्याशिवाय सोडणार नाही, म्हणाले. गावात लबाड म्हणून नाव झालं असतं तर कोणी त्यांना घरातल्या तारेला हात लावू दिला असता?

शेठच्या गाईसाठी मिलमधून कोंडा यायचा. एका दुपारी मिस्त्री नुकतेच गेले होते आणि मशीन थांबली. मी अंधारात फिल्म हातानेच पुढे ओढत होते. आतल्या पडद्याबाहेर काहीतरी धपकन पडलं आणि मोटर सुरू झाली. मला वाटलं, मिस्त्री परतले. परत कायले आले, म्हटलं. उत्तर नाही. रागात असतील म्हणून मीच बोलत राहिले, शेठचं मनावर घेऊ नका, त्याला त्याचा भाऊही चोरच वाटतो. काम संपवून पडदा सारला, तर हमालाने टाकलेलं कोंड्याचं पोतं.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पोतं ओढून बाजूला केलं, थोड्या वेळाने मोटर थांबली. परत ठेवलं, सुरू झाली. ते स्वतः येऊन उभे राहायचे तीच ही जागा, आणि तिथली जमिनीची फळी सरळ मशीनच्या पायाखाली गेली होती. ते पोत्याकडे पाहत राहिले.

"मंजे इतके दिवस मी पोत्याचं काम करून राहिलो होतो."

"लबाड तर नाही ना ठरले," मी म्हटलं.

"पण पोतं हे कारण नोहे, बाई. फळी दबते, मशीन हलते, समजलं. आत काय जुळते?"

ते पत्रा खोलायला बसले तर शेठने हात धरला. चल रही है, अब मत छेड़ो. पिशवी परत दिली, चहा मागवला. मिस्त्रींनी चहा घेतला नाही. नाव साफ झालं आणि बोलावणंही संपलं. पोतं होतंच. रस्त्यात भेटले की एवढंच विचारायचे, आत पाह्यलं का कोणी? मी नाही म्हणायचे. ते मान हलवून पुढे.

नंतर ते केशोरीला लेकीकडे गेले आणि तिकडेच वारले. मला कळलं तेव्हा तेराव्या दिवसाची तेरवीही होऊन गेली होती.

पुढे मशीन भंगारात निघाली. भंगारवाल्याने अंगणातच ती फोडायला घेतली. मोटर काढली, पंखा काढला, तारांचा गुंता ओढला. मी जवळ उभी राहून मध्ये मध्ये थांबवत होते, ते दाखव, ही बाजू दाखव. सगळं जिथल्या तिथं घट्ट होतं. निदान मला तसं दिसलं.

"कुछ गिर गया क्या, माई?" त्याने विचारलं.

काही नाही, म्हटलं. ती खालची पट्टी अजून खोल.