वळताना ईराकडे बघायचं नाही

मिलिंद पुन्हा पडला. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी, गळ्यात शिट्टी, आणि मनातल्या मनात ओरडत होते, अरे बाबा, तिकडे नको बघू, तिकडे नको बघू... बघितलंच त्याने. धप्प! शीड एकीकडे, हा दुसरीकडे, टोपी तिसरीकडे.

"ताई, या वेळी जवळजवळ जमलं ना?" डोकं वर काढून त्याने विचारलं.

"जवळजवळसुद्धा नाही," मी म्हणाले. मी नागपूरची, तो मूळचा पुण्याचा. पुण्याच्या माणसाशी स्पष्ट बोललेलं चालतं असं मी धरून चालते, ख्याती तर त्यांचीच आहे.

मी नॉर्थ कॅरोलायनात, हॅटरस बेटावर विंडसर्फिंग शिकवते. आधी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या हेच काम तेव्हाही होतं, फक्त एसीत बसून. इथे बेटाच्या आतल्या बाजूला खाडीसारखं मोठं, उथळ पाणी आहे. त्याला साउंड म्हणतात. पडलं की उभं राहता येतं, म्हणून शिकणारे लांबून ड्राइव्ह करून येतात.

मिलिंद आला होता शेजारच्या राज्यातून, हर्नडनहून. आयटीत मॅनेजर, सोबत अठरा वर्षांची मुलगी ईरा. ईरा लहानपणापासून समर कॅम्पला हेच शिकलेली, पाण्यावर अशी जाते की बघत राहावं. आठवड्याभरात ती कॉलेजसाठी कॅलिफोर्नियाला निघणार होती. पहिल्याच दिवशी मिलिंदने मला बाजूला घेतलं.

"ताई, मला कॉम्पिटिशन वगैरे काही करायची नाहीये. एकदा फक्त तिच्याबरोबर जायचंय आणि तिच्याबरोबर परत यायचंय. आत्ता मी जात असतो तेव्हा ती परत येत असते. हाय-बाय, संपलं. घरीसुद्धा हल्ली तेच चाललंय."

आता सरळ जाणं कोणालाही जमतं. वळून परत यायचं तर जाइब करता आला पाहिजे. म्हणजे वारा पाठीवर घेऊन वळायचं. बोर्ड पाण्यावरून सुसाट घसरत असतो, तेव्हाच गुडघे वाकवायचे, आतली कड पायाने दाबायची, बोर्ड गोल फिरला की शीड झटक्यात पलटवायचं. यातली गंमत अशी की वेग जितका जास्त तितकं हे सोपं. वाऱ्याच्या वेगाने तुम्हीही पळत असलात की शीड हातात हलकं लागतं. घाबरून वेग कमी केलात की मागचा सगळा वारा शिडात भरतो आणि तुम्हाला उचलून आपटतो. आणि नजर पुढे हवी. जिकडे बघाल तिकडे बोर्ड जातो.

हे सगळं मिलिंदला तोंडपाठ होतं. ढीगभर व्हिडिओ बघून आला होता. हॉलमध्ये झाडू हातात धरून प्रॅक्टिसही केली होती. ईराने मला ते शूटिंग दाखवलं. खरं सांगते, कार्पेटवरचा त्याचा जाइब माझ्यापेक्षा चांगला होता!

पाण्यात मात्र दर वेळी तेच. वळणाशी आला की मान मागे. ईरा कुठे आहे? पडली का? मान फिरली की खांदा फिरतो, हात सैल पडतो, वेग जातो. धप्प.

शेवटच्या दिवशी दुपारी आमच्या मालकीणबाई लिंडा म्हणाल्या, "पुट हिम ऑन द बिग बोर्ड. हळूहळू वळेल, पडणार नाही. हॅपी कस्टमर."

"तो हळूहळू वळेपर्यंत मुलगी किनाऱ्याला लागलेली असेल," मी म्हटलं. "मग काय उपयोग?"

लिंडाने खांदे उडवले. संध्याकाळी वारा पडणार होता, आणि सकाळी ही मंडळी परत निघणार होती.

जेवताना मी ईराला विचारलं, "तुझा बाबा असा मागे का बघतो गं?"

"मावशी, बाबा ऑलवेज डझ दॅट! पार्किंग लॉटमध्ये पण. फोनच्या मॅपवर माझा डॉट बघत बसतो. कुठेही गेले की, 'पोचलीस की मेसेज कर.' वन्स आय वॉज जस्ट गोइंग टू द मेलबॉक्स!"

मी हसले, आणि हसता हसता मला भरून आलं. माझी आई नागपूरहून अजून हेच सांगते. मी ग्रोसरीला निघाले तरी. या माणसाला मी उठता-बसता ओरडत होते, "मागे बघू नकोस." आता बाप तो बाप. तो काय माझं ऐकून बघायचा थांबणार होता?

मग मी ईरालाच हलवलं. जाइब संपवून बोर्डाचं तोंड जिकडे व्हायला हवं, तिकडे तिला पाण्यात नेऊन उभं केलं.

मिलिंदला म्हटलं, "बघ हवं तितकं. पण ती आता मागे नाही, पुढे आहे. वेग कमी केलास तर मला तोंड दाखवू नकोस."

आला. सुसाट आला. गुडघे वाकले, मान वळली ती थेट ईराकडे, आणि बोर्ड तिच्या दिशेने असा गोल फिरला की मला शिट्टी वाजवायचंही सुचेना. शीड पलटलं. हा उभाच! ईराच्या अंगावर पाणी उडवत पुढे निघून गेला.

"बाबा! तू पडला नाहीस!" ती किंचाळली.

"पुन्हा!" मी ओरडले. जमल्याजमल्या कौतुक केलं की माणूस बिघडतो. पुन्हा जमलं. तिसऱ्यांदा पडला, पण पुढे बघत पडला.

वारा उतरायला लागला होता. मी ईराला बोर्डवर चढवलं. "तू पुढे राहा. त्याला दिसत राहा. बस."

दोघं निघाले. लांब जाऊन दोन ठिपके झाले. आधी एक ठिपका वळला. मी शिट्टी मुठीत धरून उभी होते. मग दुसरा वळला. आणि दोन्ही शिडं शेजारी शेजारी, थेट माझ्याकडे यायला लागली. मी पाण्यात उड्या मारल्या, लाज वगैरे काही वाटली नाही.

किनाऱ्याला लागल्यावर मिलिंदच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खारं पाणी गेलं म्हणाला. मी विचारलं, "काय बोललात दोघं?"

"काहीच नाही. वाऱ्यात ऐकू काय येणार?"

"बाबा वॉज सिंगिंग, मावशी," ईरा म्हणाली. "सो लाउड. सो बॅड." आणि ओल्या अंगाने त्याला घट्ट मिठी मारली.

लिंडाने विचारलं, "व्हॉट डिड यू चेंज?"

"नथिंग," मी म्हटलं. "आय मूव्ह्ड द डॉटर."

इतकी वर्षं शिकवून मला एवढंच कळलंय, की माणसाची नजर ओरडून हलत नाही. त्याला बघायचंय ते पुढे नेऊन ठेवावं लागतं.

पुढच्या आठवड्यात मिलिंदचा मेसेज आला. 'ताई, ईराला डॉर्मवर सोडलं. निघताना मागे वळून पाहिलं नाही. आता फ्लाइटमध्ये बसतोय.'

मी लगेच उत्तर टाकलं, 'शाब्बास! घरी पोचलास की मेसेज कर.'