ओरेस्टच्या पिकअपचं ॲव्हरेज

ओरेस्ट बाबियचुकला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत घरी त्यानं आपणहून काढलेला विषय एकच होता, पिकअपचं ॲव्हरेज.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या पूर्वेकडल्या टापूतले खडीचे रस्ते त्यानं चौतीस वर्षं सपाट केले. पाऊस असो की बर्फ, ग्रेडरच्या केबिनमध्ये हा एकटा, आणि वेग सायकलीपेक्षा कमी. त्यामुळे माणूस असा घुमा झाला, असं त्याची बायको वर्ना सगळ्यांना सांगे. पण खरं म्हणजे तो लग्नातही तसाच होता. पाद्र्यानं विचारल्यावर त्यानं "हो" म्हटलं, तेही दुसऱ्यांदा विचारल्यावर.

निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं आठ सिलिंडरची एक भलीमोठी लाल पिकअप घेतली. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की लिटरला दहा देईल. तिनं दिले साडेसहा. हिवाळ्यात तर साडेपाच.

वर्नाला यात काही नवल वाटलं नाही. "धान्याच्या कोठाराला चार चाकं लावून वाऱ्याच्या तोंडावर हाकायचं, आणि वर म्हणायचं पितं किती! माझी गाडी बघ, चिमणीएवढं पिते."

"हं," ओरेस्ट म्हणाला.

घरातलं त्याचं निम्मं बोलणं "हं"मध्येच उरके. उरलेलं निम्मं "बरं" आणि "बघू" वाटून घेत.

पण ॲव्हरेज त्याच्या जिवाला लागलं होतं. मागचं फळकूट पाडून ठेवलं की वारा आरपार जातो आणि पेट्रोल वाचतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्यानं ते पाडलं. ॲव्हरेज होतं तिथंच राहिलं, पण चर्चच्या जेवणासाठी आणलेली बटाट्याची दोन पोती वाटेत घरंगळली. मागून येणाऱ्या नेस्टर प्रोकोपिवनं दोन किलोमीटर वाकून वाकून बटाटे गोळा केले आणि दारात आणून ओतले. "ओरेस्ट, पेरणीला अजून वेळ आहे रे," एवढंच तो म्हणाला.

मग ओरेस्टला वाटलं, बर्फात पकड राहावी म्हणून मागच्या हौद्यात ठेवलेल्या वाळूच्या सहा पिशव्यांचा भार होत असेल. त्या त्यानं उतरवल्या. हलकी झालेली पिकअप चौथ्या दिवशी बर्फावरून घसरून चरात बसली. पिशव्या परत चढल्या. मग त्यानं हीटर बंद करून पाहिलं. उणे तेवीसमध्ये वर्ना दोन रजया पांघरून चर्चला गेली आणि साऱ्या मंडळीसमोर रजयांसकट बाकावर बसली. हीटर त्याच दुपारी सुरू झाला. शेवटी त्याला गावातल्या पंपाचाच संशय आला, म्हणून तो चाळीस किलोमीटरवरच्या पंपावर भरायला जाऊ लागला. जाताना चाळीस, येताना चाळीस. तिथलं पेट्रोल चांगलं असतं म्हणे.

"तू एकदा टॅनिसला दाखव बाबा," वर्ना म्हणाली. "नाहीतर पुढच्या वेळी मला खाली उतरवून ढकलायला लावशील."

टॅनिस लोझिन्स्की म्हणजे गावच्या गॅरेजवाल्याची लेक. बाप थकल्यावर गॅरेज तिनंच हातात घेतलं होतं. गावातल्या युक्रेनी वंशाच्या घरांतली तरुण मंडळी ओरेस्टला मामा म्हणत, तशी तीही म्हणे. तिनं गाडीखाली जाऊन पाहिलं, टायर पाहिले, आणि हात पुसत उभी राहिली.

"मामा, टायरांत हवा कमी आहे. चारी चाकांचा जोर कोरड्या रस्त्यावरही लावून ठेवता, तो काढा. गाडी उंच आणि चौकोनी, वारा कापत नाही, त्याला तुम्ही काय करणार आणि मी काय करणार? पण हे सगळं धरूनही आठ तरी द्यायला हवेत. थांबा जरा."

ती आत बसली आणि डॅशबोर्डवरच्या पडद्याची बटणं दाबत राहिली. मग तिनं शीळ घातली.

"मामा, इंजिन एकूण चाललंय बावन्नशे तास. त्यातले तेवीसशे तास गाडी जागेवर उभी आहे आणि इंजिन चालू आहे."

"म्हणजे काय?" सोबत आलेली वर्ना पुढे झाली.

"म्हणजे मावशी, उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य. एवढं मोठं इंजिन नुसतं उभ्या उभ्या तासाला दोन लिटर पितं."

वर्ना शाळेत गणित शिकवायची. तिला कागद लागला नाही. "पंचाण्णव दिवस! रात्रंदिवस धरून! ओरेस्ट, कुणाच्या दारात उभा असतोस रे? नाव सांग. मी भांडणार नाही, फक्त तिला विचारीन, तुझ्याशी तरी बोलतो का गं हा?"

ओरेस्टचे कान गाडीच्या रंगाचे झाले. "रस्त्यात असतो," तो म्हणाला.

"रस्त्यात काय करतोस?"

"उभा असतो."

टॅनिसनं हवा भरायचं निमित्त काढून तोंड टायरकडे वळवलं.

पुढच्या गुरुवारी वर्ना आपल्या छोट्या गाडीतून चर्चच्या हॉलवर पेरोगी करायला गेली. दर गुरुवारी बारा-चौदा बायका जमून करंजीसारख्या पारीत बटाटा घालून शेकड्यांनी पेरोगी भरत. पण त्या दिवशी हॉलमधल्या शेगडीनं ऐन वेळी दगा दिला, बटाटे कच्चेच राहिले, आणि वर्ना साडेदहालाच परत निघाली.

तळ्याच्या वळणापलीकडे तिला रस्त्याच्या मधोमध दोन पिकअप दिसल्या. एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. खिडकीला खिडकी, दोन्ही काचा खाली, दोन्ही इंजिनं चालू, आणि मागं धुराचे दोन पांढरे शेपटे. लाल पिकअप ओरेस्टची. दुसरी नेस्टरची.

वर्नानं मागंच गाडी थांबवली आणि खाली उतरली. लाल पिकअपचं बूड इतकं उंच की तिच्या मागे वर्नाच काय, वर्नाची गाडीही दडली असती. इंजिनांच्या घरघरीवर मात करायची म्हणून दोघं मोठ्यानं बोलत होते, आणि थंडीत आवाज तसाही लांब जातो.

बोलत होता तो ओरेस्ट.

"...मग वर्ना काय म्हणाली ऐक! म्हणाली, या नव्या फादरचं प्रवचन म्हणजे माझ्या नणंदेचं बोर्श्त. वाडगा मोठा, वाफ भरपूर, पण बीट हुडकावं लागतं!"

नेस्टर स्टिअरिंगवर थापा मारत हसत होता.

"थांब, अजून आहे! टॅनिसच्या गॅरेजात काय झालं सांगतो." आणि ओरेस्टनं ते सगळं सांगितलं. शीळ घातली. वर्नासारखी मान उडवली. वर्नाच्या आवाजात म्हणाला, "मी भांडणार नाही, फक्त तिला विचारीन, तुझ्याशी तरी बोलतो का गं हा?" आणि स्वतःच डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "सेहेचाळीस वर्षं झाली, नेस्टर. रोज सकाळी कॉफीबरोबर असलं काहीतरी मिळतं मला. दुसऱ्या कुणाच्या घरी मिळतं का सांग!"

वर्ना बर्फात उभी. तिला वाटत आलं होतं की आपण भिंतीशी बोलतो. रविवारची, सोमवारची, बुधवारची आपलीच वाक्यं काना-मात्रा न चुकता तिला परत ऐकू येत होती. हा ऐकत होता तर. ऐकत होता आणि इथं येऊन वाटत होता.

नाक गळू लागलं तशी ती पुढे झाली. नेस्टरनं तिला पाहिलं आणि सरळ गिअर टाकला.

"बरं आहे, मी निघतो," तो म्हणाला. "गाई बघायच्यात."

गाई त्यानं तीन वर्षांपूर्वीच विकल्या होत्या.

नेस्टर गेला. वर्ना मागे गेली, गाडीत बसली आणि ओरेस्टच्या शेजारून पुढे निघून गेली. ओरेस्ट आरशात न बघता सरळ समोर बघत राहिला. आता घरी काय वाढून ठेवलंय याचा अंदाज घेत असावा. पण पुढच्या शेताच्या तोंडाशी वर्नानं गाडी वळवली, परत आली, आणि नेस्टर होता तिथंच, खिडकीला खिडकी लावून उभी राहिली. तिची गाडी इतकी बुटकी की मान वर करून बोलावं लागत होतं.

"काय म्हणतोस?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"नेस्टरला बरं सांगत होतास."

"ते... ते असंच."

"मग मलाही असंच सांग. आणि इंजिन बंद कर आधी."

"थंडी आहे गं."

"पंचाण्णव दिवस, ओरेस्ट."

त्यानं इंजिन बंद केलं. वर्नानंही केलं. एकदम इतकं शांत झालं की तळ्याकाठच्या वाळक्या लव्हाळ्यांची सळसळ ऐकू येऊ लागली. ओरेस्टनं हातमोजे काढले, परत घातले.

"घरी तू समोर बसतेस," तो शेवटी म्हणाला, "आणि इतकं चांगलं बोलतेस, की त्यात मी काय घालू, हे सुचेपर्यंत तू पुढं गेलेली असतेस."

वर्नाला यावर चटकन काहीतरी सुचलं होतं. तिनं ते गिळलं. तिला ते जड गेलं, पण गिळलं. तिनं नुसतंच म्हटलं, "हं."

मग ओरेस्ट बोलू लागला. नव्या ग्रेडरवाल्यानं वळणाचा उतार कसा बिघडवलाय, तळ्याकाठी कोल्हीण पिल्लं कुठं घालते, आणि चौतीस वर्षांपैकी एका वसंतात रस्त्यात टिटवीचं घरटं होतं म्हणून त्यानं तीन आठवडे तेवढा तुकडा कसा सोडून दिला आणि वरच्या साहेबाला यंत्र नादुरुस्त आहे असं कसं सांगितलं. हे वर्नाला माहीतच नव्हतं. पावणेबारा वाजले तेव्हा तिच्या पायांची बोटं बधिर झाली होती.

तेव्हापासून गुरुवारी दोघं आपापल्या गाडीनं निघू लागली आणि वळणावर भेटू लागली. नेस्टर जरा रुसला. त्याला मंगळवार आणि शनिवार देण्यात आले, तेही इंजिन बंद ठेवायच्या अटीवर. पिकअपचं ॲव्हरेज साडेसातवर गेलं. ओरेस्ट लोकांना नऊ सांगे.

मार्चमधल्या एका गुरुवारी इंजिन बंद असताना वर्नानं रेडिओ आणि पंखा सुरूच ठेवला, आणि छोट्या गाडीची बॅटरी बसली. ओरेस्टनं केबल काढल्या, दोन्ही बॅटऱ्या जोडल्या आणि आपलं इंजिन चालू केलं.

"किती वेळ लागेल?" वर्नानं विचारलं.

"वीस मिनिटं," तो म्हणाला, आणि खिडकीवर कोपर टेकून बोलू लागला. पाऊण तास झाला तरी त्यानं केबल सोडवल्या नव्हत्या. वर्नाही घड्याळाकडे बघत नव्हती.