अमावस्येचा डोंगा

माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमतीचे, यजमान गिरिधरराव सरकारी कचेरीत नद्यांचे नकाशे काढत. बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष माणूस. घरी पाहुणे आले की हे गृहस्थ कोपऱ्यात पेन्सिलीला टोक काढत बसायचे. मी त्यांची भरपूर टिंगल केली आहे. आता करत नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या माघात त्यांनी कन्हान नदीवर मुक्कामाचा बेत आखला. सुमती चौथीच्या वर्गाला सप्तर्षी आणि मृग शिकवायची, वीस वर्षं, फळ्यावर खडूचे ठिपके काढून. काचबिंदूनं तिचा डावा डोळा गेला होता आणि उजव्यात कवडीएवढी खिडकी उरली होती. शिवरात्रीनंतरच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं. जे वाचलंय ते राहीलच अशी खात्री नाही, पाहायचं ते आधी पाहून घ्या, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "मले एकदा खरे तारे पाहायचे आहेत."

गिरिधरराव कामाला लागले. दौऱ्यावरची राहुटी मागून आणली. संक्रांतीच्या उरलेल्या पतंगाचा लाल कागद टॉर्चवर बांधला, म्हणजे तिचा डोळा दिपणार नाही. एका पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून ते स्वतः गच्चीवर त्यातून बघत बसले. तिला मान वळवून शोधायला जमणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून डोंगा. ती डोंग्यात उंच उशी घेऊन उताणी निजणार आणि ते वल्ह्यानं डोंगा हळूहळू फिरवणार, म्हणजे एकेक नक्षत्र आपोआप तिच्या खिडकीत येईल. काठावरच्या गावातल्या केशव ढिवराचा डोंगा त्यांनी सांगून ठेवला. डोहाचा नकाशा काढून त्यावर वेळासुद्धा लिहिल्या.

मी नकाशा पाहिला आणि तारखेवर अडलो.

"हे काय गा? अमावस्या आहे त्या दिवशी!"

"म्हणूनच तर, भैयाजी. चंद्र नसला की तारे चांगले दिसतात."

"तीन दिवसांवर ऑपरेशन, अन् तुम्ही पोरीले अमावस्येच्या रात्री पाण्यावर नेऊन राहिले? डोकं ठिकाणावर आहे का?"

सुमतीनं माझ्याकडे चेहरा वळवला, पण मोठ्या भावासमोर बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. माझा आवाज चढला होता आणि तो चढला की घरात सगळं मी म्हणेन तसं व्हायचं. ऑपरेशन होऊ द्या, मग चैत्राच्या पौर्णिमेला चांगला दिवस पाहून जाऊ, असं मीच ठरवलं. गिरिधररावांनी खोडरबर घेतलं आणि तारीख पुसली. तेवढा आवाज मला अजून आठवतो.

ऑपरेशननंतर पट्टी सुटली तेव्हा सुमतीनं विचारलं, "दिवा लावला नाही का?" दुपारचे बारा वाजले होते. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. मी बाहेर जाऊन चहा प्यालो, दोन कप.

मला वाटलं, सहल राहिली. पण सुमतीच म्हणाली, ठरलंय तर जाऊ. चैत्री पौर्णिमेला आम्ही तिघं गेलो. राहुटी ठोकली, दशम्या खाल्ल्या. सुमती डोंग्यात उताणी निजली. गिरिधररावांनी नकाशातल्या वेळा पाळत डोंगा फिरवायला सुरुवात केली, जणू काही बदललंच नव्हतं. मी डोंग्यातच तिच्या उशाशी बसलो होतो. हातपाय माझेच होते, पण जड, कुणी आणून ठेवल्यासारखे.

"दादा, सांग नं, दिसून राहिले का?"

डोहभर लख्ख चांदणं होतं. वर चंद्राखेरीज दोन-चार फिकट ठिपके, बाकी आकाश पुसलेल्या फळ्यासारखं कोरं.

"खूप आहेत वं," मी म्हणालो. "मोजता येणार नाहीत इतके."

वल्हं थांबलं. सुमतीनं चाचपडत माझा हात धरला.

"खोटं काहून बोलतोस? आज पौर्णिमा आहे. तारे अमावस्येले होते."